पैसे येईपर्यंतचे दिवस

छोट्या शेतकऱ्यांच्या गटाच्या गोदामात दाराजवळच्या लाकडी टेबलावर एक लांबट वही असायची. तिच्यात चार रकाने होते. नाव, पोती, वजन, आणि अगदी कडेला पेन्सिलीने आखलेला एक अरुंद रकाना: ‘दिवस’. पहिले तीन रकाने माल आला त्याच दिवशी भरायचे. चौथा रिकामा राहायचा. सभासदाच्या हातात पैसे पडले की खजिनदार काकू बोटांच्या पेरांवर दिवस मोजायच्या आणि तो आकडा तिथे लिहायच्या. मी ती वही पहिल्यांदा उघडली तेव्हा त्या रकान्यात वरपासून खालपर्यंत ४७, ४७, ४७ असं उतरत गेलं होतं. मध्येच एका ओळीत आकडा नव्हता, नुसती आडवी रेघ होती.

“हे काय?” मी विचारलं.

“त्यांना थांबता आलं नाही,” काकू म्हणाल्या. “पोती परत नेली. मुलीला दवाखान्यात न्यायचं होतं.”

त्याआधीची अकरा वर्षं मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला काढली होती. रोज हजारो माणसांना जेवू घालणाऱ्या एका संस्थेच्या खरेदी विभागात मी काम करत होते. निविदा काढायच्या, दर उघडायचे, नमुने तपासायला पाठवायचे, बिलं पडताळायची. आमच्याकडे ४७ दिवस म्हणजे बिल वेळेत निघालं असं धरत. करारात ६० दिवसांची मुदत होती, त्यामुळे ४७व्या दिवशी पैसे सुटले तर कुणाला बोलायला जागा नव्हती. त्या दिवसांत पलीकडच्या माणसाच्या घरात काय चाललं असेल, हा प्रश्न फाइलीत कुठे येतच नाही. फाइलीत पुरवठादाराचं नाव असतं, क्रमांक असतो, रक्कम असते. मुलगी नसते.

पुढे आमची संस्था, एक बँक, एक स्वयंसेवी संस्था आणि छोट्या शेतकऱ्यांचे काही गट यांनी मिळून एक भागीदारी सुरू केली. मला गटांच्या बाजूला बसून काम करायला पाठवलं. छोट्या शेतकऱ्याला संस्थेसारखा मोठा, कायमचा ग्राहक मिळवून देणं हा हेतू. तीन हंगाम मी ते काम केलं. आज त्याबद्दल लिहायला बसले की प्रशिक्षणं, बैठका, अहवाल यांतलं फारसं आठवत नाही. त्या चौथ्या रकान्याशीच येऊन थांबते.

कल्पना ऐकायला इतकी सरळ आहे की वाटतं, हे आधी कसं कुणी केलं नाही. एकीकडे शाळा, रुग्णालयं, वसतिगृहं, तुरुंग, मदतकार्य करणाऱ्या संस्था. यांच्या चुली रोज पेटतात. भाव वाढला म्हणून शाळेतल्या मुलांना उद्या या असं सांगता येत नाही. दुसरीकडे शेतकरी. जगात ६० कोटींहून जास्त शेतं आहेत आणि त्यांतली सुमारे ८४ टक्के दोन हेक्टरांपेक्षा लहान आहेत. या छोट्या शेतांकडे शेतजमिनीचा सुमारे १२ टक्के वाटा आहे, पण जगाच्या अन्नातला जवळजवळ एक तृतीयांश भाग तिथून येतो. पिकवणारे इतके आणि खाणारे इतके, तर मग दोघांची गाठ का पडत नाही?

गाठ पडत नाही, कारण दोघांचं घड्याळ वेगळं चालतं.

छोटा शेतकरी माल निघाला की लगेच विकतो, म्हणजे सगळ्यांचा माल एकदम बाजारात आलेला असतो आणि भाव तळाला असतो तेव्हा. त्याला हे कळत नाही असं नाही. चार महिन्यांनी भाव चढतो हे त्याच्या घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असतं. पण बियाण्याची उधारी, शाळेची फी, आजारपण, मागच्या महिन्यातले हातउसने, सगळे खळ्याकडे डोळे लावून बसलेले असतात. वरून कडू गोष्ट अशी की यांतली पुष्कळ घरं वर्षभरात जितकं धान्य विकतात त्याहून जास्त विकत घेतात. सुगीत स्वस्तात घालवलेलंच धान्य पुढे तंगीच्या महिन्यांत महागात घरी येतं. गरिबी म्हणजे काय हे कुणी मला आता विचारलं तर मी आधी हेच सांगेन: थांबायची ऐपत नसणं.

संस्थेकडे थांबायची ऐपत भरपूर असते. तिची पद्धतच थांबण्यावर उभी आहे. आधी अंदाजपत्रक, मग निविदा, मग छाननी, मग नमुना, मग माल, मग तपासणी, मग बिल, मग मंजुरी. तिला हवी असतात शेकडो टन एकसारख्या प्रतीची, ५० किलोची, शिवलेली, शिक्का मारलेली पोती. शेतकऱ्याकडे असतात सात. त्यांतली दोन घरी ठेवायची.

या दोघांच्या मधे आजवर व्यापारी उभा राहिला. त्याला नावं ठेवणं सोपं आहे आणि आमच्या भागीदारीच्या पहिल्या बैठकीत ती भरपूर ठेवली गेली. मला ते तेव्हाही खटकलं होतं. व्यापारी दारात येतो, ओला-सुका सगळा माल घेतो, सात पोती असली तरी घेतो, आणि वजन झालं की नोटा मोजून हातावर ठेवतो. वजनात कधी दांडी मारतोही. पण तो जे विकतो ते दुसरं कुणीच विकत नाही. तो शेतकऱ्याला ‘आज’ विकतो आणि त्याची किंमत भावातून कापून घेतो. ज्यांना व्यापाऱ्याच्या जागी उभं राहायचं आहे त्यांनी आधी सांगायला हवं की ते ‘आज’ कुठून आणणार आहेत.

या विषयात जगातला सगळ्यांत मोठा प्रयोग जागतिक अन्न कार्यक्रमाने केला. संयुक्त राष्ट्रांची ही संस्था १९६१ साली स्थापन झाली, २०२० साली तिला शांततेचं नोबेल मिळालं. दुष्काळात, युद्धात लोकांना अन्न पोचवणं हे तिचं काम. पूर्वी हे अन्न मुख्यतः श्रीमंत देशांच्या गोदामांतलं जास्तीचं धान्य असायचं, जहाजांतून यायचं. हळूहळू देणगीदारांनी धान्याऐवजी पैसे द्यायला सुरुवात केली आणि संस्था गरजेच्या भागाजवळच धान्य विकत घेऊ लागली. पण विकत घेणार कुणाकडून, तर निविदा भरू शकणाऱ्या मोठ्या व्यापाऱ्यांकडून. एका भागातल्या उपाशी माणसांसाठी शेजारच्या भागातलं धान्य घेतलं जायचं आणि ते पिकवणारा शेतकरी मात्र जिथल्या तिथे. धान्याच्या भावांनी जगभर उच्छाद मांडला होता त्या २००८ सालीच, सप्टेंबरमध्ये, ‘परचेस फॉर प्रोग्रेस’ हा उपक्रम सुरू झाला. पाच वर्षांचा प्रयोग, २० देश, त्यांतले १५ आफ्रिकेतले. सोबत गेट्स फाउंडेशन, हॉवर्ड बफे फाउंडेशन, बेल्जियमचं सरकार आणि असे अनेक भागीदार. संस्था तशीही धान्य घेतेच आहे, तर त्या खरेदीचाच उपयोग छोट्या शेतकऱ्याला बाजारात पाय रोवायला का होऊ नये, हा त्यामागचा विचार.

मला तो विचार आजही मोठा वाटतो. मदत म्हणून देणं आणि ग्राहक म्हणून घेणं यात माणसाच्या मानेचा फरक पडतो. मदत घेताना मान खाली जाते. माल विकताना माणूस काट्याकडे बघतो.

आता काट्याचीच गोष्ट.

आमच्या पहिल्या हंगामात तपासणीचा दिवस होता. पोत्यात खुपसायची टोकदार नळी, दोन चाळण्या, छोटा तराजू आणि आर्द्रता मोजायचा मीटर असं सामान टेबलावर मांडलं होतं. ‘परचेस फॉर प्रोग्रेस’ उपक्रमातही अशीच पेटी होती, ‘ब्लू बॉक्स’ नावाची. शहरातल्या प्रयोगशाळेची वाट न बघता गोदामातच मालाची प्रत कळावी म्हणून ती बनवली होती. एक वयस्क गृहस्थ आपली पोती घेऊन आले. मी नळी खुपसली. दाणे हातावर आले तसे त्यांनी त्यातले दोन उचलले, दाढेखाली धरले आणि फोडले. कट् असा आवाज आला.

“वाळलाय,” ते म्हणाले.

मीटर म्हणाला १५.२. आम्हाला हवे होते १३.५ टक्के. पूर्व आफ्रिकेतल्या देशांनी मक्यासाठी ठरवलेली मर्यादाही हीच आहे, आणि ती उगाच नाही. ओलसर दाण्यावर बुरशी धरते. त्यातली एक बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. ते डोळ्याला दिसत नाही आणि शिजवून जात नाही. २००४ साली केनियाच्या पूर्व भागात ओलसर साठवलेल्या मक्यातून ते लोकांच्या पोटात गेलं. ३१७ माणसं आजारी पडली, १२५ गेली. तो मका कुण्या परक्या कंपनीचा नव्हता. तिथल्याच शेतांतला, आपल्या घरच्यांसाठी ठेवलेला होता. म्हणून कुणी प्रतीच्या अटींना ‘कागदी जाच’ म्हणतं तेव्हा मी गप्प बसू शकत नाही. शाळेतलं मूल ताटात काय आलं ते तपासू शकत नाही. ते काम आधी कुणीतरी करायलाच हवं.

पण त्या गृहस्थांचं पुढचं बोलणंही मी विसरलेले नाही. ते म्हणाले, “ताई, अजून दोन दिवस ऊन देतो. पण मग शंभर किलोचे अठ्ठ्याण्णव भरतील. ते दोन किलो कुणाचे?”

मी वहीच्या मागच्या पानावर हिशोब केला. १५.२ वरून १३.५ वर आणायचं तर १०० किलोचे ९८ किलोच राहतात. त्यांनी ते न लिहिता, न मोजता सांगितलं होतं. व्यापारी ओला माल ओल्या वजनाने घेतो, म्हणजे पाण्याचेही पैसे देतो. आम्ही कोरडा मागतो. ताडपत्री त्यांची, ऊन बघत बसणं त्यांचं, रात्री पाऊस आला तर धावणं त्यांचं, आणि वजनातली घटही त्यांचीच. कोरड्या मालाचा जास्तीचा भाव या सगळ्याहून मोठा असेल तरच ते पोतं आमच्या दारात येणार. आमचा जास्तीचा भाव ठरवताना कार्यालयात प्रतवारीचा विचार झाला होता, घटीचा नव्हता. मी स्वतः त्या टिपणीवर सही केली होती.

दुसऱ्या हंगामात ती दुरुस्ती झाली. एका माणसाने दाढेखाली दाणा फोडून विचारलेल्या प्रश्नामुळे झाली, हे कुठल्या अहवालात आलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

माल बाहेर जातो, ही या कामातली सगळ्यांत जुनी तक्रार. गट ४०० पोत्यांचा करार करतो आणि येतात २६०. खरेदी विभागात असताना मीच एका गटाच्या फाइलीवर लिहिलं होतं: ‘पुरवठादार भरवशाचा नाही, पुढील वर्षी विचार करू नये.’ लिहिताना मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. करार म्हणजे करार. गटाच्या बाजूला बसल्यावर मी ती १४० पोती कुठे गेली हे घरोघर जाऊन विचारलं. एका घरात अंत्यविधी होता. एका घरात सावकाराने खळ्यावरूनच उचलून नेली होती. एका बाईंनी सांगितलं की नवऱ्याने तिला न विचारता विकली. तिघांनी मात्र साधं कारण दिलं: बाहेर दर चढला होता आणि पैसे हातावर होते. फसवायचं म्हणून कुणीच माल बाहेर काढला नव्हता. जो खरेदीदार पैशाला ४७ दिवस लावतो त्याच्याशी एकनिष्ठ राहणं हे श्रीमंतांना परवडणारं काम आहे. ते गरिबांकडून मागितलं जात होतं, आणि ते जमलं नाही म्हणून भरवशाचे नाहीत असा शेरा त्यांच्यावर मारला जात होता. त्या शेऱ्याखाली माझी सही आहे. तो गट पुढे मोडला असं कळलं. त्याचा माझ्या सहीशी किती संबंध होता कुणास ठाऊक, पण मला ती सही आठवत राहते.

म्हणून या सगळ्या भागीदाऱ्यांकडे बघताना मी एकच विचारते. यात थांबतं कोण, आणि थांबण्याचा खर्च कोण करतं?

पेरणीच्या वेळीच खरेदीचा करार करून ठेवणं हा एक उपाय. इथिओपियात सहकारी संघांशी असे करार झाले आणि तो करारनामा दाखवून संघांना बँकेकडून भांडवल उभं करता आलं. त्या पैशातून सभासदांना माल घेतानाच रक्कम देता आली. म्हणजे संस्थेने पैसे आधी दिले नाहीत, तिची सही आधी दिली, आणि ती सही बँकेत चालली. मला हा भाग फार सुंदर वाटतो. मोठ्या ग्राहकाकडे रोख रकमेपेक्षा मोठी एक गोष्ट असते ती म्हणजे पत, आणि ती उसनी देता येते.

गोदाम पावती हा दुसरा. युगांडात तो करून पाहिला गेला. शेतकरी माल मान्यताप्राप्त गोदामात ठेवतो, तो वाळवून, स्वच्छ करून, प्रत ठरवून पावती मिळते, आणि ती पावती तारण ठेवून कर्ज मिळतं. माल थांबतो, माणसाला थांबावं लागत नाही. कागदावर याहून चांगली व्यवस्था नाही. पण गोदाम दूर असेल तर गाडीभाडं, बँकेचा माणूस आठवड्यातून एकदाच येत असेल तर फेऱ्या, आणि सात पोत्यांच्या पावतीसाठी दहा सह्या. लहान माणसासाठी बनवलेली गोष्ट लहान मापात बनवावी लागते, नाहीतर तिचा फायदा मोठेच घेतात.

आणि मग ती तीन पदरी पिशवी. १९८०च्या दशकाच्या अखेरीस कॅमेरूनमध्ये चवळी टिकवण्यासाठी पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी ती तयार केली. आत प्लास्टिकच्या दोन जाड पिशव्या, बाहेर नेहमीचं विणलेलं पोतं. तोंड घट्ट बांधलं की आतले किडे आतला प्राणवायू संपवतात आणि स्वतःच मरतात. औषध नाही, पावडर नाही. पश्चिम आफ्रिकेत पुष्कळ ठिकाणी चवळी हे बायकांचं पीक मानलं जातं. ज्या बाईला कीड लागेल या भीतीने महिन्याभरात चवळी विकावी लागायची तिला या पिशवीने काही महिने दिले. बुर्किना फासो आणि घानात त्या मोठ्या उपक्रमाने चवळी विकत घ्यायला सुरुवात केली, त्यामागे हाही विचार होता: बायकांच्या हातातलं पीक घेतलं तर पैसेही त्यांच्या हातात पडतील. पीक कुणाचं हे बघून खरेदीची यादी करणं मला कधी सुचलं नव्हतं. आमच्याकडे वहीत बहुतेक नावं पुरुषांची असायची. पोत्यांची शिलाई मात्र बायका करायच्या. एका हातात दाभण, दातांत सुतळीचं टोक, पोत्याचा कान धरून सहा टाके घालून गाठ. काकूंनी दुसऱ्या हंगामात जिने पोती आणली तिचंच नाव लिहायला सुरुवात केली. दोन-तीन घरांत त्यावरून बोलाचाली झाली. काकूंनी नावं खोडली नाहीत.

पाच वर्षं संपल्यावर त्या मोठ्या प्रयोगाचं मूल्यमापन झालं. गट शहाणे झाले, प्रत सुधारली, हिशोब नीट ठेवू लागले, हे स्पष्ट दिसलं. पण सभासदाच्या घरातलं उत्पन्न त्या प्रमाणात वाढलं का, याचं उत्तर तितकं स्पष्ट आलं नाही. अनेकांना यात अपयश दिसतं. मला तसं वाटत नाही, पण ते उत्तर झाकूनही ठेवू नये. मदत संस्थेची खरेदी देणग्यांवर आणि आपत्तींवर अवलंबून असते. यंदा ५०० टन, पुढच्या वर्षी काहीच नाही, असं होऊ शकतं. ग्राहकाचाच भरवसा नसेल तर शेतकरी घरातलं एखाददुसरं पोतं गटाला देतो आणि बाकी जुन्या वाटेने विकतो. शहाणा माणूस असंच करेल. एखाददुसऱ्या पोत्याने घर उभं राहत नाही.

इथे ब्राझीलकडे बघावं लागतं. तिथली शालेय आहार योजना १९५५ची आहे. २००३ साली तिथल्या सरकारने छोट्या शेतकरी कुटुंबांकडून थेट अन्न विकत घेऊन ते गरजूंना पोचवण्याचा कार्यक्रम सुरू केला. आणि १६ जून २००९ला कायदा झाला: शालेय आहारासाठी केंद्राकडून येणाऱ्या पैशातला किमान ३० टक्के भाग (२०२६पासून ४५ टक्के) शेतकरी कुटुंबांच्या मालावर खर्च झालाच पाहिजे. जवळजवळ चार कोटी मुलं रोज जेवतात अशा योजनेतला एवढा वाटा. आणि त्यासाठी नेहमीची निविदा लागत नाही. जाहीर आवाहन होतं, दर बाजार बघून आधीच ठरलेला असतो, त्यामुळे सर्वांत कमी दर भरणारा मोठा व्यापारी लहान माणसाला उडवू शकत नाही. सेंद्रिय मालाला ३० टक्क्यांपर्यंत जास्त दर देता येतो. एका कुटुंबाने वर्षाला किती विकावं याला वरची मर्यादा आहे, म्हणजे एकट्याने सगळं गिळू नये. आदिवासी समूहांना आणि गुलामगिरीतून सुटलेल्यांच्या वंशजांच्या वस्त्यांना प्राधान्य.

अकरा वर्षं निविदा उघडलेल्या बाईला हे वाचून काय वाटलं असेल! ‘सर्वांत कमी दर’ ही आमच्याकडे जवळजवळ धर्माज्ञा होती. त्या एका ओळीने किती माणसं दाराबाहेर राहतात हे मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि ती ओळ बदलता येते, संसदेत बसून बदलता येते, हेही नव्हतं. शिवाय तिथे शाळेचा जेवणाचा आठवडी तक्ता आहारतज्ज्ञाने करायचा, आणि तो करताना त्या भागात काय पिकतं ते बघायचं असंही कायद्यातच आहे. म्हणजे स्वयंपाकघराने शेताच्या हंगामाप्रमाणे चालायचं. आम्ही उलट करायचो. वर्षभराची मागणी एप्रिलमध्ये ठरवून टाकायची आणि मग शेताने ती पाळावी अशी अपेक्षा धरायची.

हा अनुभव पुढे २०१२ साली आफ्रिकेतल्या पाच देशांत नेला गेला: इथिओपिया, मलावी, मोझांबिक, नायजर, सेनेगल. त्याआधी २०११ साली रवांडाच्या सरकारने तो पाच वर्षांचा प्रयोग संपायची वाट न बघता त्याचं स्वतःचं रूप उभं केलं आणि आपल्या धान्य साठ्यासाठी गटांकडून खरेदी सुरू केली. मला या दोन गोष्टी कुठल्याही आकड्यापेक्षा जास्त सांगून जातात. प्रकल्पाला शेवटची तारीख असते. सरकारी साठ्याला आणि शाळेच्या चुलीला नसते.

आमच्या भागीदारीला शेवटची तारीख होती. तीन हंगाम.

दुसऱ्या हंगामात आम्ही दोन गोष्टी बदलल्या. तपासणी आमच्या मध्यवर्ती कोठारात होण्याऐवजी गटाच्या गोदामातच होऊ लागली. थप्पी मोजून, प्रत ठरवून, तिथेच सही. तिथून पुढे माल संस्थेचा, वाटेत भिजला तरी संस्थेचा. आणि त्या सहीच्या कागदावर बँक ७० टक्के रक्कम तिसऱ्या दिवशी सोडू लागली. हंगामाच्या शेवटी मी मोठ्या समाधानाने हिशोबाची बैठक बोलावली. काकूंनी चष्मा लावून कागद वाचला. शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. बँकेचं व्याज शेतकऱ्यांच्या उरलेल्या रकमेतून कापलं होतं.

“हे कशाचं?” त्यांनी विचारलं.

“बँकेने पैसे आधी दिले ना, त्याचं व्याज.”

“आधी कुठे दिले? माल दिला त्यावर दिले. उशीर तुमच्या संस्थेचा, आणि व्याज आमचं?”

खोलीत कुणी बोललं नाही. मी माझ्या शेजारी बसलेल्या अधिकाऱ्याकडे पाहिलं, त्याने कागदाकडे पाहिलं. करारात तसंच लिहिलं होतं. बँकेच्या वकिलाने लिहिलं, आमच्या वकिलाने वाचलं, आणि गटाकडे वकील नव्हता. त्या एका वाक्यावर आम्ही पुढचे पाच महिने पत्रव्यवहार केला. ‘पूर्वप्रघात पडेल’ असं आम्हाला तीनदा लेखी कळवलं गेलं. मी प्रत्येक पत्राला ती वहीची पानं जोडली, ४७ची रांग आणि ती आडवी रेघ असलेलं पान सगळ्यांत वर. तिसऱ्या हंगामाच्या करारात व्याज संस्थेच्या खर्चात आलं. आणि मग अशी गोष्ट घडली जी मी अकरा वर्षांत पाहिली नव्हती: उशिराचा खर्च स्वतःच्या खिशातून जाऊ लागल्यावर संस्थेत बिलावरच्या सात सह्या तीनवर आल्या. उरलेल्या ३० टक्के रकमेला दुसऱ्या हंगामात ३१ दिवस लागले होते. तिसऱ्यात १२ लागले.

त्या हंगामात ४०० पोत्यांच्या करारावर ३८८ आली. बाहेर तेव्हाही व्यापारी उभा होताच.

शेवटच्या आठवड्यात मी गोदामात निरोप घ्यायला गेले. थप्पी उचलली गेली होती, जमिनीवर लाकडी फळ्यांचे ठसे आणि कोपऱ्यात झाडून गोळा केलेलं मातेरं. काकू टेबलाशी बसून नव्या वहीला रेघा मारत होत्या. भागीदारी संपत होती, करार पुढच्या एका वर्षापुरता वाढला होता, त्यापुढचं कुणी काही सांगत नव्हतं.

“पुढच्या वर्षी गोदामात येऊन सही कोण करणार?” त्यांनी मान वर न करता विचारलं.

मी जाणाऱ्या माणसाच्या जागी येणाऱ्या माणसाचं नाव सांगितलं. त्यांनी ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतलं, फोन नंबरासकट, आणि त्याखाली संस्थेतल्या त्याच्या वरच्या माणसाचं नावही विचारून लिहिलं. मग पट्टी सरकवून पुढची रेघ मारली. चौथा रकाना या खेपेला त्यांनी रुंद धरला होता. मध्ये एक बारीक उभी रेघ घालून त्याचे दोन भाग केले, एक ७० टक्क्यांच्या दिवसांसाठी, एक उरलेल्यांसाठी, आणि पान उलटून पुढच्या पानावर तेच मोजून घ्यायला लागल्या.